सर बार्थोलोम्यू क्वार्ल्स यांची शेवटची फाईल

मी, बार्थोलोम्यू क्वार्ल्स, वय वर्षे चौऱ्याहत्तर, तोरूआ बेटांचा निवृत्त गव्हर्नर, राहणार नेदर कॉम्बली, परगणा ग्लॉस्टरशायर, आज नाश्ता करून, चष्मा लावून, कोणाच्याही दडपणाखाली न येता हा कागद लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती कारकुनांनी लिहिली होती आणि मी ती वाचलीही नव्हती. हे मात्र अक्षरन् अक्षर माझे आहे.

कलम १. शेजारचे ॲडमिरल ब्लेंकिन्सॉप माझे गवत कापायचे यंत्र "दोन दिवसांसाठी" म्हणून घेऊन गेले, त्याला सात वर्षे झाली. यंत्र त्यांनाच ठेवू द्यावे. त्याचे पाते मी आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. ते माझ्याबरोबर पुरावे.

कलम २. गव्हर्नरीचा पिसांचा टोप चर्चच्या नाटकमंडळींना द्यावा. तो घालून मी सतरा तोफांची सलामी घेतली आहे. त्यात एकदा कोंबडीने अंडे घातले होते, हे त्यांना सांगायचे कारण नाही.

कलम ३. तोरूआहून आणलेला पोपट. माझ्या टेबलाशेजारी वर्षानुवर्षे बसून हा प्राणी एकच शब्द शिकला: "सहमत!" आमच्या नोकरीचा मूलमंत्रच तो. कारकुनाने टिपण लिहायचे, त्याखाली धाकट्या साहेबाने "सहमत" लिहायचे, त्याखाली थोरल्याने, आणि सर्वांत शेवटी गव्हर्नरने. वरचा मजकूर वाचणे म्हणजे खालच्या माणसावर अविश्वास दाखवणे. सभ्य गृहस्थ तसे करत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. पोपट लंडनच्या आमच्या मुख्य कचेरीत पाठवावा. एका साहेबाचा पगार वाचेल.

कलम ४. ज्या पदकामुळे लोक मला 'सर' म्हणतात, ते पदक. याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

एका सकाळी माझ्यासमोर एक्केचाळीस फायली आल्या. राणीसाहेबांच्या वाढदिवसाच्या मेजवानीची फाईल आणि झेंड्याच्या दोरीच्या दुरुस्तीची फाईल, या दोहोंच्या मध्ये एक पातळशी फाईल होती. मी "सहमत" लिहिले आणि टेनिस खेळायला गेलो. दोन वर्षांनी दौऱ्यावर असताना डोंगराच्या माथ्यावर एक गाव लागले. पाहतो तर काय, घरांवर छपरे म्हणून उलट्या घातलेल्या होड्या! चारशे कोळी माणसे डोंगरावर, आणि समुद्र खाली, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

मी कडाडलो, "कुठल्या गाढवानं या लोकांना इथं आणून बसवलंय?"

गावचे म्हातारे पुढारी मातानू उठले. त्यांनी बांबूच्या नळीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. "साहेब, तुम्ही शिकलेले. हे अक्षर कुठल्या गाढवाचं, तेवढं वाचून सांगा."

खालचे "सहमत" माझ्या अक्षरात होते. उलामो गाव किनाऱ्यावरून हलवावे आणि त्या जागी जहाजांसाठी कोळशाची वखार बांधावी, असा तो हुकूम होता. जहाज तर एकही आले नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता खाली चला."

"तसा कागद आणा," मातानू म्हणाले. "कागदाशिवाय उतरलो होतो. तुमच्या शिपायांनी दोनदा बडवलं."

मी कागद लिहिला. लंडनने कारणे मागितली. कारणे पाठवली, तर कारणांची कारणे मागितली. गाव खाली यायला सहा वर्षे लागली. तोवर मातानू गेले होते. त्यांना त्यांच्याच होडीत घालून डोंगरावर पुरले. आणि दरम्यान, "गावाचे शिस्तबद्ध स्थलांतर" घडवल्याबद्दल मला हे पदक मिळाले. मी ते घेतले. मान वाकवून, हसून घेतले. याची मला लाज वाटते. पदक उलामोच्या लोकांना पाठवावे. चांगले जड आहे. जाळ्याला वजन म्हणून बांधता येईल.

कलम ५. राहते घर, बाग, पुस्तके आणि उरलेले सारे काही माझा भाचा लायोनेल ट्रेंट याला द्यावे. माझ्या दिवंगत बहिणीचा हा एकुलता एक. मला मूलबाळ नाही. हा माझ्या मांडीवर वाढला. पुढच्या महिन्यात तो तोरूआलाच मोठा अधिकारी म्हणून जात आहे. परवा जेवताना मी त्याला विचारले, "फायली वाचतोस ना रे?"

"काहीतरीच काय, मामा! वाचत बसलो तर सह्या कधी करू?"

बटाटा माझ्या घशात अडकला. म्हणून पुढची अट घालत आहे.

कायदा असा आहे, की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचे, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर सही चालते, पण त्याला मिळायचे ते बुडते. वकील पेनीफादर यांनी मला हे दोनदा समजावले आहे. आज लायोनेल चहाला येईल. मी हा कागद त्याच्यापुढे ठेवून एवढेच म्हणेन: "आधी वाच, मग साक्षीची सही कर."

लायोनेल, बाळा, इथवर वाचले असलेस तर पेन खाली ठेव. घर तुझे झाले. माळी ओबेद हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात बसला आहे. तुझ्याऐवजी तो सही करील, आणि मी आज रात्री कित्येक वर्षांनी नीट झोपेन.

न वाचता सही केलीस, तर सर्व काही मिसेस टॅबिथा गजन यांना मिळेल. त्या एकोणीस वर्षे माझे घर सांभाळत आहेत. मुरंब्याच्या बरणीवर त्यांनी स्वतःच चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा त्या बरणी उघडण्याआधी वाचतात. हे कलम मी त्यांना वाचून दाखवले.

"तो वाचणार नाही, साहेब."

"अहो, माझ्या रक्ताचा आहे तो!"

"म्हणून तर म्हणते."

मग हातातले फडके पिळत म्हणाल्या, "घर मला नको, असं खोटं नाही बोलणार. म्हातारपणी बहिणीच्या दारात पडून राहायची माझी इच्छा नाही. पण देवाशप्पथ सांगते, त्यानं वाचावं. तिकडं अजून गावं असतील ना हो?"

गावे आहेत. एकशे बारा आहेत.

कलम ६. माझ्या थडग्यावर पदव्या नकोत. नाव आणि दोन तारखा पुरेत. दगड कोरण्यापूर्वी मजकूर कोणीतरी वाचावा.

वरील सर्व मी दोनदा वाचले आहे, आणि मगच खाली सही करत आहे. आयुष्यात हे पहिल्यांदाच.

मुक्काम नेदर कॉम्बली, दिनांक १४ सप्टेंबर १९११, चहाची वेळ.

लिहून ठेवणार: बार्थोलोम्यू क्वार्ल्स (सही)

साक्षीदार पहिला: एबेनेझर पेनीफादर, वकील (सही)
शेरा: पानन् पान वाचले. दुसऱ्या साक्षीदारांना "सावकाश वाचा" असे तीन वेळा सांगितले.

साक्षीदार दुसरा: लायोनेल ट्रेंट (सही)
शेरा: संपूर्ण वाचले. सहमत.