टेकलेली तार

३ जून, सोमवार
थंड करायचा द्रव हेलियम एकाच खेपेला पुरेल एवढा उरलाय. नवा डिसेंबरात! प्रयोगशाळेच्या प्रमुख डोना इओलांदा ऑगस्टमध्ये पंचाहत्तरीच्या — आणि आमच्याकडे त्या वयाला सरकारी प्राध्यापकाला घरी बसवतातच. म्हणजे ही त्यांची शेवटची खेप.

कार्बनचे अणुभर जाडीचे दोन पापुद्रे मी चिकटपट्टीने सोलले, किंचित तिरके एकावर एक ठेवले. मोजणीच्या तारा मात्र डोना इओलांदाच लावणार. बावीस वर्षं त्याच लावतात. मी तेवढा वेळ पाठ करून कॉफी गाळत राहिले.

६ जून, गुरुवार
शून्य!! विजेला होणारा अवरोध उतरत उतरत शून्यावर!

एरवी इलेक्ट्रॉन एकेकटे धक्के खात जातात. हा तिरकेपणा नेमका जमला आणि कडाक्याची थंडी मिळाली, की जूनच्या जत्रेतल्या नाचासारख्या जोड्या धरतात, मग कुणाला अडखळत नाहीत. डोना इओलांदा हे दहा वर्षं शोधतायत.

"मार्लूसी, चीजपाव आण, आज साखर-बिखर सगळं चालेल." रडल्या थोड्या. मीही. "चुंबकाची चाचणी उद्या तू उरक. काम्पिनासच्या प्रयोगशाळेला हे कळवणारं पत्र सोमवारी धाडते."

७ जून
चुंबक पुरता चढवला. खऱ्या जोड्या असत्या तर मोडल्या असत्या, अवरोध परत आला असता. शून्य जागचं हललं नाही.

९ जून, रविवार
गरम करून उघडलं. भिंगाखाली विजेचा दाब मोजणाऱ्या दोन तारा एकमेकींच्या फार जवळ लावलेल्या. थंडीत आकसून एकमेकींना टेकल्या असणार. आपण पापुद्रा मोजलाच नाही, टेकलेल्या तारांमधलं शून्य मोजलं.

हेलियम संपला. आणि पत्र उद्या. कसं सांगू त्यांना? ताट तसंच झाकून ठेवलंय.

१० जून
सांगितलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "माझ्याच हातचं काम," म्हणाल्या. पत्र फाडलं. मग मलाच विचारलं, "जेवलीस का?"

११ जून
सकाळी त्यांनी तारा लावायचा चिमटा माझ्या टेबलावर ठेवला. "हात थरथरतो माझा. तुला कधीपासून दिसतंय?"

"मार्चपासून."

"मग मार्चमध्येच बोलायचंस की गं, पोरी. तेव्हा तीन खेपांचा हेलियम होता."

मला वाटलं होतं, मी त्यांना जपतेय.