डाव्या पानावरची घडी

मंगळवार, शाळेतून आल्यावर

गणिताच्या वहीत उजवं पान माझं, डावं मुलांच्या स्वतःच्या विचारांचं; ते कागदाच्या घडीत लिहून तिथं चिकटवायचे. ही पद्धत मीच हट्टानं आणली. आज शेजारच्या रांध्याहून येणाऱ्या हेतलच्या डाव्या पानावर चिकटवलेली कागदाची घडी उघडली. आत लिहिलं होतं, "सर बोलतात तेव्हा अपूर्णांक समजतात. घरी काहीच येत नाही."

विचारलं, तर म्हणाली, "सर, तुम्ही भाषण मस्त करता. पण आम्हाला चान्सच नाय देत!" वर्ग हसला. मीही हसलो.

मग बाकी सगळ्यांच्याही घड्या उघडल्या. आत माझीच वाक्यं, शब्दन् शब्द. इतकी वर्षं शिकवलं की नुसतं बोललो?

उद्या फळ्यावर उदाहरण लिहून गप्प बसणार आहे. आणि खडू घ्यायला कुणीच उठलं नाही तर? भरल्या सभेत बोलायची कधी भीती वाटली नाही. या गप्प बसण्याची वाटतेय.