मावशीचा हिरवा ठिपका

तीर्थरूप मावशीस,

ठोंब्याचा साष्टांग नमस्कार. (फोनवर नमस्कार करायची सोय तू ठेवली नाहीस म्हणून कागदावर करतो आहे. अकरा वेळा फोन लावला. अकराही वेळा काकांनी उचलून "ती कामात आहे" असं सांगितलं. मागून ते वाक्य तूच त्यांना पढवत होतीस, तेही ऐकू आलं.) मी इकडे खुशाल आहे. तुझे गुडघे कसे आहेत? गुरुवारी दिवसभर मैत्रिणीकडे जातेस ना? रोज सकाळी नऊला चहा घेऊन संगणकापुढे बसतेस ना? दुपारी एक ते तीन झोपतेस ना, आणि झोपताना मशीनलाही विश्रांती हवी म्हणून तो बंद करतेस ना? चौकशा नेहमीपेक्षा जरा बारीक आहेत, पण त्याचं कारण पुढे येईलच.

आधी माफी मागतो. गेल्या मंगळवारी तू फोन करून "अरे, तुझा ठिपका लाल झालाय, जेवलास का?" असं विचारलंस आणि मी "मावशी, उगीच डोकं खाऊ नकोस" असं म्हणालो. चुकलो. कान धरतो. (एकच, दुसऱ्या हाताने लिहितो आहे.) पण त्या वेळी माझी काय अवस्था होती ते ऐकशील तर तुला दया येईल, किंवा निदान हसू तरी येईल.

तुला माहीतच आहे की डोळ्यांच्या या दवाखान्यात पेशंटनी घरबसल्या वेळ घ्यायची जी वेबसाइट आहे, ती सांभाळायचं काम माझं. नावं आणि वेळा सगळ्या डेटाबेसात असतात. कुणी पान उघडलं की आमच्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट डेटाबेसाशी कनेक्शन जोडते, हवं ते विचारते आणि पेशंटला दाखवते. गेले तीन आठवडे ती विचारायला जाते आणि डेटाबेस तिला दारातूनच परत पाठवतो, कनेक्शन मिळणार नाही म्हणून. आणि या सोमवारी माझी तीन महिन्यांची मुदत संपते, मग मला कायम करायचं की नाही ते ठरणार. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं आहे, साइट आणखी एकदा बंद पडली तर त्या सरळ वहीत नावं लिहायला लागतील. आणि वहीला चांगल्या अक्षराचा माणूस लागतो. (माझं अक्षर तू आत्ता वाचतेच आहेस. म्हणजे तिथेही माझी डाळ शिजायची नाही.) ही माझी चौथी नोकरी. पहिल्या तीन सुटल्या तेव्हा घरात माझी बाजू घेणारी तू एकटी होतीस, त्यामुळे ही गेली तर तुलाही तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं मला वाटतं.

तर मी काय काय केलं! पहिल्या दिवशी वाटलं पासवर्ड चुकला असेल, म्हणून नवा, भक्कम पासवर्ड ठेवला. इतका भक्कम की मी स्वतःच तो तीनदा चुकीचा टाइप केला. मग नेटवर्कवाल्याला बोलावलं. त्याने प्रत्येक वायर काढून, फुंकर मारून परत लावली आणि "प्रॉब्लेम वरून आहे" असं सांगून तो गेला. (वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. मी तिथेही विचारून आलो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि एक दाढ किडली आहे असं सांगितलं. म्हणजे अगदीच फुकट गेली नाही फेरी.) शेवटी एकच उपाय लागू पडला, डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करायचा. त्याने बरोबर तेरा मिनिटं साइट चालायची आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून मी टेबलावर तेरा मिनिटांचा गजर लावून बसू लागलो. आता सिस्टरकडेही तसाच गजर आहे, कारण डोळे तपासण्याआधी पेशंटच्या डोळ्यात दहा-दहा मिनिटांनी थेंब घालावे लागतात. दोन्ही गजरांचा आवाज एकच. बुधवारी तिने माझ्या गजरावर थेंब घातले आणि मी तिच्या गजरावर डेटाबेस बंद केला. एका बाईंना थेंब दुप्पट मिळाले आणि तिघांच्या वेळा घेता घेता अर्ध्यावर तुटल्या.

सगळ्यात कहर म्हणजे तो एरर बाहेर पेशंट बसतात तिथल्या मोठ्या पडद्यावर दिसायचा. बारीक इंग्रजी अक्षरं, सात ओळी. एक आजोबा खुर्ची सरकवून समोर बसले, एका डोळ्यावर हात ठेवला आणि खड्या आवाजात वाचायला लागले. पाच ओळी धडाधड वाचल्या, सहाव्या ओळीला अडले. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, खालच्या दोन दिसत नाहीत, लिहून घ्या. डॉक्टरीणबाईंनी आधी आजोबांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आणि नेमक्या त्याच क्षणी तुझा फोन आला, ठिपका लाल झालाय म्हणून. आता सांग.

शुक्रवारी मात्र मी डोकं ठिकाणावर ठेवून एका कागदावर बिघाडाच्या वेळा मांडल्या. रोज सकाळी सव्वानवाच्या सुमारास सुरुवात. दुपारी एक ते तीन एकदम शांत. तीन वाजून गेले की पुन्हा बोंब. आणि गुरुवारी दिवसभर काही नाही! असा ठरल्या वेळी झोपणारा आणि गुरुवारी सुट्टी घेणारा बिघाड मी कधी ऐकलेला नव्हता. डेटाबेसला विचारलं की बाबा, तुझ्याकडे एवढं कोण येतंय, तर प्रत्येक ओळीत आमच्याच सर्व्हरचं नाव. मग कुणी कधी कुठलं पान मागितलं ती सर्व्हरची नोंद उघडली, तेव्हा उलगडा झाला. बाहेरची एक व्यक्ती आमचं एकच पान दर पाच सेकंदांनी मागत होती. बिघाड दुरुस्त झाला आहे, काळजी नसावी. त्या व्यक्तीचं नाव मी दवाखान्यात कुणाला सांगितलेलं नाही.

काकांना नमस्कार. त्यांना सांग, कामात असलेल्या माणसाचा आवाज मागून इतका मोठा येत नाही.

तुझा,
ठोंब्या

ता. क. ती व्यक्ती तू आहेस. तीन आठवड्यांपूर्वी मी तुझ्या संगणकावर ते पान लावून दिलं होतं आठवतं? हिरवा ठिपका दिसला की दवाखाना चालू, दवाखाना चालू म्हणजे माझी नोकरी चालू, म्हणजे मी ठीक. ते पान दर पाच सेकंदांनी डेटाबेसाशी कनेक्शन जोडून बघतं. जोडायची ओळ मी लिहिली, बंद करायची विसरलो. डेटाबेसात दीडशेच कनेक्शनं मावतात, ती तुझा चहा संपेपर्यंत भरायची. तुझी काहीएक चूक नाही, गाढवपणा सगळा माझा. पानाचं नाव मी इंग्रजी अक्षरांत 'मावशी' ठेवलं होतं, त्यामुळे नोंदीत वरपासून खालपर्यंत मावशी, मावशी, मावशी! राहिलेली ओळ काल लिहिली. पान बंद करू नकोस.

ता. ता. क. आता खरं काम. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की बाहेरून एवढं कोण बघत होतं. मी घाबरून म्हणालो, एक अनुभवी, वरिष्ठ व्यक्ती आपल्या साइटवर लक्ष ठेवून असते. त्या इतक्या खूश झाल्या की माझ्याकडून नुसता नंबर मागून घेतला, आणि सोमवारी अकरा वाजता तुला स्वतः फोन करून माझ्या कामाबद्दल विचारणार आहेत. कृपा करून उचल. काकांना देऊ नकोस. खोटं काही बोलू नकोस, फक्त मला ठोंब्या म्हणू नकोस.

आणखी एक. आज शनिवार. दुपारी तीनला मी नोंद उघडून बसलो, तू उठून ठिपका बघशील म्हणून. तीन वाजले, सव्वातीन झाले, तरी तुझी एकही ओळ नाही. साइट अगदी ठणठणीत चालू होती आणि मीच दर पाच सेकंदांनी नोंद उघडून बघत होतो. गुडघा, जिना, काय काय मनात येऊन गेलं. तीन वाजून बावीस मिनिटांनी 'मावशी' आलं, तेव्हा मी सिस्टरसमोर टेबलावर डोकं ठेवून बसलो. म्हणजे तू माझ्यावर रागावली आहेस, फोन उचलत नाहीस, पण ठिपका रोज बघतेस. आणि लाल दिसला की तुला काय होत असेल तेही मला आज कळलं. डॉक्टरीणबाईंचा फोन नाही उचललास तरी चालेल, गेली नोकरी तर गेली. माझा उचल. पत्र आज रात्रीच्या बसने पाठवतो आहे, सकाळी मिळेल. उद्या तीन वाजता करतो.