हवेत सोडून देण्याची सवय

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
अंतराळवीर पुनर्वसन विभाग.

विषय : माझ्या पतींना दिलेला 'पूर्ण तंदुरुस्त' दाखला रद्द करून पुढच्या उड्डाणाच्या यादीतून त्यांचे नाव काढण्याबाबत.
संदर्भ : "सवय पंचेचाळीस दिवसांत जाईल" असे कळवणारे आपले पत्र. ते परतल्याला आज एकाहत्तरावा दिवस आहे.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, माझे पती सहा महिने अंतराळस्थानकात राहून परतले. तिथे चमचा, पुस्तक, दाढीचे यंत्र, काहीही हातातून सोडले तरी तरंगत राहते. हे घरीही तसेच सोडतात.

१. आजवर नऊ कप, माझा चष्मा आणि सासूबाईंचा रेडिओ फुटला. शेजारी खिळा ठोकून द्यायला गेले आणि हातोडी शेजारच्या काकांच्या पायावर सोडून आले. सासूबाई आधी हसण्यावारी नेत. आता उशी घेऊन यांच्या मागेमागे फिरतात.

२. आपल्या तपासणीत हाताची पकड उत्तम निघाली. पण पकड वाईट आहे असे म्हणतंय कोण? तक्रार सोडण्याची आहे, आणि ते आपण तपासलेच नाही.

३. आमचा मुलगा हे वर असताना जन्मला. गेल्या महिन्यात आपल्याच कार्यालयाचा फोन आला, तेव्हा यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातावर बाळ. नंबर लिहायला पेन हवे होते, म्हणून यांनी तो हात मोकळा केला. खाली वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता म्हणून निभावले. बाळ रडलेही नाही. मी धावत जाऊन त्याला उचलले. हे ढिगाशेजारी बसले आणि म्हणाले, "वर असतो तर तरंगलं असतं गं ते."

४. दुसऱ्याच दिवशी यांनी पुढच्या उड्डाणासाठी नाव दिले. आपण 'सेवेची तळमळ' म्हणून शाबासकीचे पत्र पाठवलेत. कसली तळमळ, महोदय! माणूस घाबरून पळतोय.

तरी मूळ दाखला सोबत परत पाठवीत आहे. यांना खाली ठेवून घ्यावे आणि धरून ठेवायला पुन्हा शिकवणारे कोणी तातडीने पाठवावे. बाळाच्या वजनाची वाळूची पिशवी मी शिवून ठेवली आहे. मुलगा पाच महिन्यांचा झाला. बापाला पाहिले की दोन्ही हात वर करतो. हे भिंतीला टेकून उभे राहतात आणि माझ्याकडे बघतात, मी "घ्या" म्हणते का याची वाट पाहत. माझ्या तोंडून अजून तो शब्द निघालेला नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
अर्जदार, अंतराळवीराची पत्नी
सोमवार, ता. ९