पांढऱ्यावर पांढरं

९ फेब्रुवारी २००३
लग्नाची साईट सुरू होऊन महिना झाला. पानाच्या तळाशी आकडा दिसतो – किती जणांनी पाहिलं. त्यातले निम्मे तरी मीच! इंटरनेट कॅफेत कामाला असते, जाता-येता उघडून बघते.

उमेरभाई आज शेजारी येऊन बसले. कुवेत सोडून मांडवीला हा कॅफे टाकला त्यांनी, त्यांना यातलं कळतं. म्हणाले, "कीवर्ड काय दिलेस?" सांगितलं – बुद्धिस्ट मॅरेज, बुद्धिस्ट ब्राइड. हसले. "मग जपानी येतील."

जपानी नाही आले. अमेरिकेतल्या एका बाईचं पत्र आलं, हिमालयात आमचं लग्न लावून द्याल का म्हणून. कोलंबोच्या एका माणसाला मूर्ती हव्यात. आपल्याकडचं एकही नाही.

१२ फेब्रुवारी
बाबांनी विचारलं, "कोण आलं काय गो बाय?" म्हटलं, येतील.

ही साईट बाबांच्या हट्टाची. ते इथल्या बौद्ध मंडळाचे सचिव. महेंद्रदादा मुंबई शाखा बघतो, त्याने गेल्या वर्षी कुठल्याशा मोठ्या लग्नाच्या साईटचा कागद छापून आणला होता. त्यात जातीच्या रकान्यात आपलं जुनं नाव, धर्मांतराआधीचं. बाबा लाल झाले. "छप्पन साली टाकून दिलं ते आता मुलींच्या फोटोखाली लिहितात? आपण आपली वेगळी साईट करू. तिथं फक्त बौद्ध." आणि पहिलं स्थळ आपल्याच घरचं द्यायचं, असंही त्यांनीच ठरवलं.

म्हणजे मी. वय एकोणतीस. दुसऱ्या कोणी मुलीचा फोटो द्यायलाच तयार नव्हतं.

२३ फेब्रुवारी
उमेरभाईंनी एक पान दाखवलं. त्यात शब्द टाकला की लोकांनी तो महिन्याभरात किती वेळा शोधला ते येतं. बुद्धिस्ट मॅरेज – पुष्कळ, पण सगळे परदेशातले. बौद्ध वधू – शून्य. बौद्ध वधू रत्नागिरी – शून्य. असं कितीतरी वेळ केलं.

मग ते चहा सांगायला बाहेर गेले आणि मी जातीचा तो जुना शब्द टाकला. पुढे मॅट्रिमोनी.

ढीगभर!

आपलीच माणसं ही. दुसरं कोण शोधणार? भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि सोयरीक शोधताना हे. घाईघाईने बंद केलं. उमेरभाई परत आले तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

तो शब्द इथेही लिहिणार नाही.

२ मार्च
महेंद्रदादाचा फोन. मे महिन्यात मुंबईकर गावी येणार, पौर्णिमेला विहारात बैठक. तोपर्यंत एकही स्थळ आलं नाही तर साईट बंद करायची, असं बहुतेकांचं मत. "काकांना लागेल मनाला. पण लोक हसतायत गो त्यांना."

बाबांना हसतात! तोंडावर नाही, मागून.

उमेरभाईंना विचारलं – शोधणाऱ्या मशीनला दिसेल पण माणसाला दिसणार नाही, असं काही लिहिता येतं का? "सोपं आहे. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिही." काय लिहायचंय ते विचारलं नाही त्यांनी. मीही सांगितलं नाही.

३ मार्च
लिहिला. तीन ओळी, तोच शब्द पुन्हा पुन्हा, मॅट्रिमोनी, ब्राइड, रत्नागिरी जोडून. पानावर मोकळी जागा माझ्या फोटोखालीच होती, तिथे.

बाबा मास्तर म्हणून नोकरीला लागले तेव्हा शाळा सुटली की वाडीवाडीत जायचे. मुलाच्या दाखल्यावर बौद्ध लिहा, भिऊ नका, म्हणून सांगायचे. सवलती जातील या भीतीने लोक दारातूनच परत पाठवायचे. तरी हे पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. लहानपणापासून ऐकत आले हे मी, आणि अभिमानाने सांगतही आले.

जेवताना त्यांनी बांगड्याची मधली तुकडी माझ्या ताटात टाकली.

४ मार्च
काढून टाकावा. नको. बैठकीपर्यंत राहू दे.

११ एप्रिल
आकडा पळतोय. खेड, महाड, चेंबूर, पनवेल – पत्रांवर पत्रं. आठ मुलींचे फोटो आले, आईबापांनी आपणहून पाठवले. बाबा दिसेल त्याला सांगतात, "आपल्या नावानं लोक येतायत." मी खाली मान घालून भाकरी मोडत बसते.

२७ एप्रिल
अलोऱ्याचं स्थळ. माझ्यासाठी! कोयनेच्या वसाहतीत राहतात, मुलगा वीज प्रकल्पात. पत्र साधं आहे, उगाच मोठेपणा नाही. दोनदा वाचलं, खरं तर जास्तच. शेवटी लिहिलंय – 'आपल्या जातीचं नाव टाकून शोधलं, तुमचीच साईट पहिली आली.'

पत्र छापून बाबांना दिलं. ती ओळ गाळून.

१६ मे, बुद्धपौर्णिमा
साईट चालू राहणार. टाळ्या झाल्या, बाबांना गुलाबाचं फूल दिलं. फूल हातात धरूनच बोलायला उभे राहिले. "जे नाव आपण हिमतीनं घेतलं, त्याच नावानं आज आपली माणसं आपल्याला शोधतायत."

मी मागे सरबत वाटत होते. वाटतच राहिले.

१९ मे
बाबा कॅफेत आले. "माझ्या डोळ्यांनी बघू दे एकदा."

खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला. बाबा पेपर वाचतानाही ओळीखाली बोट फिरवतात – मास्तरकीची सवय. तसाच माउस फिरवायला लागले, बटण दाबून धरून. वाचतील तिथे पान निळं होत चाललं. मला काय होणार ते कळलं. "बाबा, बटण सोडा," म्हणेपर्यंत माझ्या फोटोखाली पोचले होते.

निळ्यावर पांढरी अक्षरं. तीन ओळी. तिन्ही वाचल्या त्यांनी, सावकाश, पहिलीच्या पोरासारख्या.

"हे कोणी लिहिलं?"
"मी."
"अलोऱ्याचे लोक ह्यानंच आले?"
"हो."

उठले. दारात उमेरभाई उभे होते, त्यांच्या बाजूने बाहेर पडले. मी मागून हाक मारली नाही. काय म्हणून मारू?

२० मे
आई दोघांकडे बघते. "ह्ये कालपास्नं धड जेवले नायत. काय केलंस गो त्यांना?" तिला काय सांगू!

ओरडले असते, एक लगावली असती तरी चाललं असतं. माझी लाज वाटते मला. सरबत वाटताना वाटत होती तिच्याहून जास्त, कारण आता ती त्यांनाही वाटतेय आणि त्यांनी काही केलेलं नाही.

ठरवलं. उद्या तो शब्द काढणार. अलोऱ्यालाही कळवणार. साईट बंद पडली तर पडू दे.

२१ मे
सकाळी सांगितलं, "बाबा, आजच काढून टाकते ते." ओटीवर चष्मा पुसत बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही.

"राहू दे. रविवारी अलोऱ्याची माणसं येतायत. तुझं होऊ दे एकदा."

मला सुटल्यासारखं वाटलं. मी बरं म्हटलं.