दोघांनी चालवायच्या गाडीची तक्रार

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि तुमच्याकडे राहायला आलेली तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची बायको, हे सगळं ठीक असेल अशी आशा आहे. (पहिल्या दोघांची चौकशी आधी केली, ती रीत म्हणून.) ती रागावून आली हे तिनं सांगितलंच असेल. पत्राचा विषय मात्र गाडी आहे. बाकी इथं सगळं ठीक. ठीक म्हणजे दूध रोज उतू जातं आणि घरात कोणी कुणाशी भांडत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, माझा डावा खांदा धरल्यापासून गाडी आम्ही दोघं मिळून चालवायचो. स्टिअरिंग आणि पाय माझे, गिअर तिचा. मी क्लच दाबून ‘हं’ म्हणायचं, शेजारी बसून तिनं दांडा ओढायचा. (तुम्ही एकदा मागच्या सीटवर बसला होतात आणि परतताना बसनं गेलात, ते विसरलो नाही.) पुढे पुढे ‘हं’ म्हणायचीही गरज पडेना. इंजिनाचा आवाज बदलला की तिचा हात आपोआप दांड्यावर जायचा. उभ्या संसारात एवढं एकमत आमचं दुसऱ्या कशावर झालं नाही.

आणि मग गिअर अडायला लागला. पहिला टाकताना करकर, रिव्हर्स तर पडेचना. मी म्हणालो तू धसमुसळेपणा करतेस, ती म्हणाली तुमचा क्लच पुरता दाबला जात नाही. अखेर चढावरच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. माझं डोकं फिरलं आणि काच उघडी असताना मी ओरडलो की तुझा हातच वाईट, ज्याला लावशील ते बिघडतं. चार लोकांनी ऐकलं. तिनं पर्स घेतली, दार हळूच लावलं आणि चालू लागली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग गॅरेजच्या वाऱ्या सुरू झाल्या. (उजवा हात आडवा टाकून गिअर ओढत जात होतो. बघणाऱ्यांना वाटायचं, मी गाडीशी कुस्ती खेळतोय.) पहिल्या मेकॅनिकनं केबल ताणली, मग क्लच प्लेट बदलली. दुसऱ्यानं गिअरबॉक्स उतरवून मांडून ठेवला. दोघेही अगदी ठाम. गाडी गॅरेजात शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर आली की करकर. परवा तिचा चष्मा गाडीत राहिलाय का म्हणून (फोनवर वहिनींनी विचारलं होतं, तिनं नाही) खाली वाकून पाहिलं. चष्मा नव्हता. क्लचखाली माझी नवी जाडजूड मॅट गोळा होऊन बसली होती, पेडल तळापर्यंत जातच नव्हतं. (मेकॅनिक काम करताना ती काढत असणार आणि झाल्यावर अदबीनं परत अंथरत असणार.) मॅट मी घेतली होती. ‘पायात येईल’ असं ती दुकानातच म्हणाली होती, आणि मी म्हणालो होतो, पाय तुझे की माझे? मॅट ओढून काढली. गिअर अलगद पडला. मी तसाच गाडीत बसून राहिलो, अण्णा. फार वाईट वाटलं.

तर गाडीचा खुलासा हा असा आहे. तो तिला मुद्दाम सांगायची गरज नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
एकुलता एक मेहुणा

ता. क. मुद्दाम सांगायची गरज नाही असं वर लिहिलंय खरं, पण जेवताना सहज विषय काढलात तर माझी हरकत नाही. तिचा हात चांगला आहे, हेही सहजच सांगा.

आणखी एक ता. क. गिअरला माणूस नाही म्हणून माझं अडलंय, असं मात्र सांगू नका, ते खोटं होईल. एकट्यानं चालवताना स्टिअरिंग डाव्या हातानं सांभाळून सांभाळून धरलेला खांदा सुटलाय. काल भाजी आणायला गेलो, सगळे गिअर डाव्या हातानं माझे मीच टाकले. घरी येईपर्यंत रडू कसंबसं आवरलं. तिच्यावाचून आता गाडीचं काही अडत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. आणि मग, तरीही येतेस का, असं विचारा.