ठिपका शिंप्याच्या दुकानात

विहीणबाईंच्या सेवेशी,

तुमच्या मुलीच्या सासूचा सप्रेम नमस्कार.

तुमची तब्येत आता कशी आहे? व्याह्यांचा खोकला गेला, की अजून सगळ्या घराला जागवतो? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, आणि मी तर फारच मजेत आहे. का, तेच सांगायला बसले आहे. तुम्ही म्हणाल, फोन असताना ही बाई कागद कशाला खराब करते? तर विहीणबाई, मी फोनवर बोलू लागले की तुमची मुलगी आतल्या खोलीतून विचारते, "आई, कोण आहे?" आणि ती घरात नसली तर फोन स्वतःच कान देऊन ऐकतो. (मागे एकदा मी नुसतं म्हटलं, गादी फार मऊ झाली, पाठ धरते. तर दुसऱ्या दिवसापासून फोनात गाद्याच गाद्या. मी फोनाशी बोलतच नव्हते हो, उशीशी बोलत होते.) कागद बिचारा ऐकत नाही आणि चुगलीही करत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं आहे. काना-मात्रा जिथे कमी पडतील तिथे तुमच्या पदरच्या घाला.

तर हकीकत अशी. मध्यंतरी मला जिन्यात जरा गरगरलं आणि मी पायरीवर बसले. बसले, पडले नाही. पण ही बातमी घरभर फिरून माझ्यापर्यंत परत आली तेव्हा मी वरच्या मजल्यावरून गडगडत खाली आले होते. झालं, चिरंजीव घड्याळ घेऊन हजर. घड्याळ म्हणायचं आपलं, वेळ सोडून बाकी सगळ्या चौकशा त्यात आहेत. नाडी किती, झोप किती, पावलं किती, आणि मुख्य म्हणजे मी आहे कुठे. मी जाईन तिथे माझा एक निळा ठिपका चिरंजीवांच्या, तुमच्या मुलीच्या आणि माझ्याही फोनात सरकत असतो. पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एवढं बारीक लक्ष माझ्याकडे लग्नातसुद्धा कुणी दिलं नव्हतं. मी भाजीवाल्याला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तर लिफ्ट उघडायला लावून दाखवलं.

पण मग हळूहळू काय झालं, की मला कुणी काही विचारेनासं झालं. पूर्वी चिरंजीव सकाळी विचारायचे, झोप लागली का गं. आता फोन बघून तेच मला सांगायचे, "आई, तुला झोप नीट लागली नाही." मी म्हणे, "अरे, छान लागली." "नाही लागली. इथे दिसतंय." आणि गंमत बघा, तेवढं ऐकलं की मला दिवसभर जांभया यायच्या. मनगटावर थरथरलं की उठून उभं राहायचं, म्हणून मी जेवता जेवता ताट हातात घेऊन उभी राहायचे. शेवटी शेवटी तर तहान लागली की नाही हेही मी मनगटाकडे बघून ठरवू लागले. (व्याह्यांना हे वाचून दाखवू नका, ते आयुष्यभर हसतील.)

आता शिंप्याचं. आमच्या इमारतीसमोर रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान आहे. दुपारी मी तिथे कोटांची काजं करायला जाते. काजं मशीनवरही होतात, पण आमचे शिंपीमास्तर म्हणतात, मशीनचं काज म्हणजे नुसतं भोक. हाताचं काज कसं, दोऱ्याला मेण लावायचं, टाक्यागणिक गाठ घ्यायची, कडेला कशी वेणी घातल्यासारखी बसली पाहिजे. माझ्या हातात सुई लग्नाआधीपासून आहे. दुकानात मला कुणी "बसा, दमला असाल" म्हणत नाही, विहीणबाई. मास्तर म्हणतात, "आजी, हे काज तिरकं गेलं, उसवा." मी म्हणते, "तुमची नजर तिरकी आहे, आधी ती उसवा." मग उसवते. कारण काज खरंच तिरकं गेलेलं असतं. सगळ्या दिवसात माझं काही चुकू शकतं अशी ती एकच जागा. घरी माझं काही चुकतच नाही, कारण मला कुणी काही करूच देत नाही.

आता या घड्याळाला काजं कळत नाहीत. दोरा लांब ओढला की हात पुढेमागे होतो (घड्याळ उजव्या हाताला, डाव्या मनगटाचं हाड पूर्वी मोडलेलं, तिथे पट्टा रुततो). आणि हात हलला की घड्याळ म्हणतं, म्हातारी चालली. एका कोटात मी पार वेशीबाहेर जाऊन यायचे, बसल्या जागी! चिरंजीव खूश. कचेरीत सगळ्यांना सांगत सुटले, माझी आई या वयात बघा काय चालते. एक दिवस मात्र घरी येऊन डोकं खाजवत म्हणाले, "आई, पावलं एवढी आणि ठिपका त्या दुकानातच. तू काय शिंप्याभोवती गोल गोल फिरतेस?" मी म्हटलं, "फिरते. त्याला बरं वाटतं."

आणि मग तो प्रसंग घडला. जाड कोटाची शिवण इस्त्रीनंतर बसावी म्हणून लाकडी ठोकळ्यानं जोरात ठोकतात. मी दोन दणके हाणले. घड्याळानं धरलं की मी पडले. काचेवर काहीतरी अक्षरं आली, चष्मा कपाळावर, मी म्हटलं असेल नेहमीचं, पाणी प्या वगैरे. ते मला "बऱ्या आहात का" विचारत होतं म्हणे. मी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यानं चिरंजीवांना, तुमच्या मुलीला आणि रुग्णवाहिकेला एकदम कळवून टाकलं. त्या वेळी दुकानात आम्ही तिघं जण होतो. मी सुई ओवत होते. एक गिऱ्हाईक अंगावर टाचण्यांनी टाचलेला कोट घालून पुतळ्यासारखं उभं होतं. आणि मास्तर जेवून नेहमीप्रमाणे कापड बेतायच्या टेबलाखाली आडवे झाले होते. रुग्णवाहिकेची माणसं भोंगा वाजवत आत शिरली, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टेबलाखाली पाहिलं, आणि मास्तरांना उचललं! मास्तर जागे होऊन ओरडतात, "अहो, मी झोपलोय, मी झोपलोय!" ती माणसं म्हणतात, "बरोबर, आजोबा, झोपूनच राहा." त्या गिऱ्हाईकानं मध्ये पडायला हात वर केला, तशा सगळ्या टाचण्या एकदम रुतल्या आणि त्यानं अशी किंकाळी फोडली की त्यालाही आत घ्यायला निघाले. मी "पडलेली बाई मी आहे, आणि मी पडलेली नाही" हे समजावून सांगेपर्यंत मास्तरांचा रक्तदाब मोजून झाला होता. तो खरोखरच वाढला होता. उचलल्यामुळे.

हसू नका, पुढचं ऐका. चिरंजीव आणि सूनबाई धापा टाकत आले, मला धडधाकट बघून त्यांना आधी रडू आलं आणि मग राग. त्याच संध्याकाळी चिरंजीवांनी फोनात माझ्याभोवती कुंपण घातलं. म्हणजे काय, तर ठिपका इमारतीच्या फाटकाबाहेर गेला की त्यांच्या फोनात घंटा वाजणार. दुकान कुंपणाच्या बाहेर. "आई, तुझ्या भल्यासाठीच," असं म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी फाटकाशी जाऊन एक पाऊल बाहेर टाकून पाहिलं. लगेच फोन. "आई, कुठे?" पाऊल आत घेतलं. रस्त्यापलीकडून मास्तरांनी एक कोट उंच धरून दाखवला, काजं बाकी होती. मी हात हलवला आणि घरी आले. (तेवढ्यानंही पावलं वाढली म्हणा.) मास्तर म्हणाले, कोट वर पाठवतो. पण विहीणबाई, घरी बसून काजं केली तर ती उसवायला कोण सांगणार?

तेव्हा मी ठरवलं. आणि मी एकदा ठरवलं म्हणजे काय होतं ते तुमचे जावई लहानपणापासून जाणतात. मी जेवताना गोड आवाजात म्हटलं, कुंपण चांगलं आहे. पण तुमची दोघांची काळजी मला नाही का? तुमचेही ठिपके माझ्या फोनात टाका. चिरंजीव हसले. म्हणाले, घे, बघ काय बघायचं ते. त्यांना वाटलं, म्हातारीला कुठलं जमणार! अहो, जी बाई काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं काज करते तिला निळा ठिपका दिसणार नाही होय?

मग मी सुरू केलं. चिरंजीव म्हणायचे कामात बुडालोय, ठिपका मात्र चहाच्या टपरीवर. मी फोन करायची, "बाळा, दुसरा कप नको, पित्त होईल." सकाळी म्हणायची, "तुला झोप नीट लागली नाही." ते म्हणायचे, "मस्त लागली." मी उगाच फोनात बघत म्हणे, "नाही लागली. इथे दिसतंय." चिरंजीवांचा चेहरा असा व्हायचा की काय सांगू. शेवटी एका रात्री जेवताना त्यांनी पाण्याचा पेला आपटला. (टेबल हादरलं आणि माझ्या घड्याळाला वाटलं, मी पडले. या वेळी मी लगेच "बरी आहे" दाबलं.) "आई, मी काय लहान आहे का?" मी म्हटलं, "मी आहे का?"

आता जरा मनातलं लिहिते. तुमच्या मुलीचाही ठिपका मला दिसायचा. बँकेतून निघाली की तो सरळ घरी येत नसे. वाटेत एका ठिकाणी थांबायचा, बराच वेळ. कुठे, ते मी तुम्हाला लिहिणार नाही. वाईट काही नाही, नुसती बसायची जागा आहे. पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझं बोट तिच्या नंबरावर गेलं होतं. मग वाटलं, अगं, तुला दुकान हवं आहे ना? मग तिचंही हे दुकानच की. बोट मागे घेतलं आणि कुणालाही बोलले नाही.

तर त्या रात्री मी घड्याळ काढलं आणि चिरंजीवांच्या ताटाशेजारी ठेवलं. म्हटलं, उद्यापासून मी दुकानात जाणार. पडले तर मास्तर ओरडतील, त्यांचा आवाज तुझ्या फोनापेक्षा मोठा आहे. चिरंजीव बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तुमच्या मुलीनं हळूच विचारलं, "आई, माझाही ठिपका दिसत होता?" मी म्हटलं, "दिसत होता." "रोज?" "रोज." "मग तुम्ही काही बोलला नाहीत ते?" मी म्हटलं, "माझे डोळे अधू झालेत गं." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि म्हणाली, "आई उद्या दुकानात जातील. आणि आपले ठिपकेही काढून टाक, आत्ता, माझ्यासमोर." चिरंजीवांनी मुकाट्यानं काढले. मुलगी तुम्ही फार चांगली वाढवली आहे, हे तुम्हाला एवढ्या वर्षांत सांगायचं राहून गेलं होतं.

आता रोज दुपारी जाते. कालच मास्तरांनी तीन काजं उसवायला लावली. इतकं बरं वाटलं! व्याह्यांना नमस्कार, आणि खोकल्याचं कळवा.

तुमची,
सुनेची सासू

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. ते घड्याळ वाया जाऊ नये म्हणून दोघांनी तुम्हाला पाठवायचं ठरवलं आहे, आणि तुमची मुलगी "आईला किती आवडेल" म्हणून खूश आहे. हातात घालू नका! मनगटाला खाज येते म्हणा, काहीही म्हणा. आपण दोघींनी एकजुटीनं राहिलं पाहिजे.

ता. क. २. दुकानात शाळेच्या कपड्यांची घाई, त्यामुळे पत्र टाकायचं राहिलं. कळलं की पार्सल पोचलं आणि तुम्ही ते लगेच हातात घातलंत. असो. त्या रात्री सगळ्यांचे ठिपके काढले, पण या घड्याळाचा माझ्या फोनातून काढायला विसरले आहेत. तो अजून माझ्याच नावावर आहे. मी आठवणीनं काढायला सांगणार आहे. लवकरच.

ता. क. ३. आत्ता सहज पाहिलं, तर मी तुमच्या गावच्या बाजारात उभी आहे. एकाच जागी, केव्हाची. विहीणबाई, तिथे कोण भेटलं हो एवढं बोलायला? मला काय करायचंय म्हणा, पण उन्हात किती वेळ उभं राहायचं! हं, निघालात. अहो, पण तिकडे कुठे? तुमचं घर तर उजवीकडे आहे.